तुले पक्कं मालूम हाय?

पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदशेकणीला, बैल धुवायला आम्ही पूर्णेवर गेलो होतो. आठ दिवसांपासून पावसानं उघडीप दिली होती. पाणी उतरून मांडीपर्यंत आलं होतं आणि गढूळपणा बसून खालची काळी माती दिसायला लागली होती. भाऊ बैलांच्या पाठी घासत होता. ओल्या बैलाचा वास, काठावरच्या तरोट्याचा वास, तळव्याखाली लिबलिबणारा गार चिखल, सगळं दरवर्षीचंच. बारक्या तेवढा दरवर्षीसारखा नव्हता. हा माझा पुतण्या, दहा वर्षांचा. घरात सगळे त्याला बारक्याच म्हणतात. एरवी तो बैलांच्या आधी पाण्यात असतो आणि त्याला बाहेर काढायला वहिनीला काडी घेऊन यावं लागतं. यंदा तो काठावरच्या दगडावर पाय वर घेऊन उकिडवा बसून राहिला. मी हाक मारली तेव्हा उठला, पाण्याच्या कडेपर्यंत आला, माझं बोट धरलं आणि खाली वाकून पाहत म्हणाला, "काका, याच्यात ते निळे फुगे नाई रायत ना?"

"नाई रे बाप्पा. ते समुद्रात रायते. नदीत कुठून येतीन?"

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग मान वर करून विचारलं, "तुले पक्कं मालूम हाय?"

भावानं त्याला उचलून बैलाच्या पाठीवर बसवलं, तो हसला आणि प्रश्न तिथंच पाण्यात गेला. माझ्या डोक्यातून मात्र जाईना. त्यात हट्ट नव्हता, फारशी भीतीही नव्हती. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. दोन महिन्यांपूर्वी गुहागरच्या वाळूत मी त्याला अशाच ठाम आवाजात एक गोष्ट सांगितली होती, आणि ती सांगून पुरतं मिनिटही झालं नव्हतं तोच तो किंचाळला होता.

आमच्याकडे शाळा उशिरा उघडतात. बाकीच्या महाराष्ट्रात १५ जूनच्या आसपास घंटा वाजते तेव्हा विदर्भात ऊन अजून भाजत असतं, म्हणून आमची पोरं जूनच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत मोकळी. शेतकऱ्याच्या घरातली सुट्टी म्हणजे तशीही पेरणीच्या तोंडावरचे चार दिवस. वखरणी झालेली, बियाणं घरात येऊन पडलेलं, मृग लागलेला आणि आभाळ कोरडं. घरात बसून आभाळाकडं किती पाहायचं? भाऊ एकदम म्हणाला, "लेकराईले समुद्र दाखवू." आईनंही उभ्या जन्मात समुद्र पाहिलेला नव्हता. तिलाही न्यायचं होतं, पण तिच्या गुडघ्यांनी ऐकलं नाही. "मायासाठी बाटलीभर आन," एवढंच तिनं बारक्याला सांगितलं. क्रूझर भाड्यानं केली आणि अकोला, पुणे, सातारा, कुंभार्ली घाट असं करत एक रात्र आणि जवळजवळ एक दिवस अंग आखडून बसल्यावर गुहागरला उतरलो. पाऊस घाटातच लागला. ज्याची वाट पाहत आम्ही गाव सोडलं होतं तो इथं रस्त्याच्या कडेनं फुकट वाहत होता. भाऊ काच खाली करून हात बाहेर धरून बसला, चिपळूण येईपर्यंत काही बोलला नाही.

आमच्या सुट्टीचं आणि समुद्राचं वेळापत्रक कसं एकमेकांवर येऊन आदळतं, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही. नैर्ऋत्येचा वारा सुरू झाला की दूर समुद्रावर जे जे तरंगत असतं ते तो किनाऱ्याकडे लोटत आणतो. मुंबईत जुहूला, गिरगावला पावसाळ्याच्या दिवसांत निळे फुगे, म्हणजे पाण्यावर तरंगणारे डसणारे समुद्री जीव, लागतात ते यामुळेच. २०१८च्या ऑगस्टमध्ये तिथं कित्येकांना ते डसले होते, बातम्या मीही वाचल्या होत्या. आणि आम्ही वैदर्भीय नेमके त्याच वाऱ्यात, उशिराची सुट्टी घेऊन, किनाऱ्यावर पोहोचतो. गुहागरला एका टोकाला मच्छीमारांनी होड्या वर ओढून झापांखाली झाकून ठेवल्या होत्या. जून-जुलैत मासेमारी बंद असते. ज्यांचं पोट त्या पाण्यावर ते सगळे पाण्याबाहेर होते, आणि ज्यांनी समुद्र आदल्या संध्याकाळी पहिल्यांदा पाहिला ते आम्ही पॅन्टी गुडघ्यापर्यंत दुमडून आत निघालो होतो. त्या झाकलेल्या होड्या मी पाहिल्या. त्यांचे फोटोही काढले.

सकाळचे आठ वाजले असतील. रात्रभर वारा होता, सुरूच्या बनातून त्याचा आवाज खोलीत येत होता. पहाटे पाऊस थांबला. ओहोटी लागलेली, आणि भरतीचं पाणी जिथवर येऊन गेलं होतं तिथं वाळूत कचऱ्याची एक लांबलचक वेडीवाकडी रेघ उमटलेली: सुरूच्या काटक्या, शिंपले, एक तुटकी चप्पल, फेस. त्या रेघेत मध्येमध्ये काहीतरी निळं चमकत होतं. बारक्या पुढं धावत होता. तो थांबला, वाकला आणि ओरडला, "काका, फुगा पाय!" मी जवळ गेलो. खरंच फुगा होता. माझ्या बोटाएवढा, काचेसारखा आरपार, आत हवा भरलेली. वरच्या बाजूनं मुरड घातल्यासारखी एक कड, हुबेहूब करंजीची, आणि त्या कडेला जांभळट गुलाबी झाक. खाली निळ्या-काळ्या मण्यांचा गुंता, आणि त्यातून निघालेला एकच लांब धागा, वाळूत वळणं घेत गेलेला, मंगळसूत्राच्या पोतीसारखा. इतकी देखणी वस्तू मी कधी जवळून पाहिली नव्हती. बारक्यानं हात पुढं केला आणि माझ्याकडं पाहिलं. त्यानं विचारलं होतं, हे मी स्वतःला वारंवार सांगतो. तोंडानं नाही, डोळ्यांनी, पण विचारलं होतं.

मी म्हणालो, "पकड. काई नाई होत."

त्यानं फुगा दोन बोटांत उचलला. वाऱ्यानं तो धागा वर आला आणि त्याच्या मनगटाला गुंडाळला गेला. पुढचं सगळं आवाजातच आठवतं. तो जो ओरडला तसा आवाज मी त्याच्या तोंडून आधी ऐकला नव्हता. तो हात झटकू लागला, धागा कोपरापर्यंत सरकला. मी काय केलं ते लिहितो, कारण ते लिहिण्यासाठीच हा लेख आहे. मी मूठभर वाळू घेतली आणि त्याच्या हातावर खसाखसा चोळली. आमच्याकडं खाजकुइली लागली तर माती चोळतात. मग पाठीवरच्या पिशवीतली प्यायच्या पाण्याची बाटली उघडून हातावर ओतली. प्रत्येक वेळी तो आणखी जोरानं ओरडला आणि प्रत्येक वेळी मला वाटलं, आता उतरेल. भाऊ धावत आला. मागून कुणीतरी लघवीचा उपाय सुचवला. तेवढ्यात सरबताच्या टपरीवरून एक मावशी साडीचा ओचा धरून धावत आल्या आणि त्यांनी माझा हात धरून बाजूला केला. "वाळू नका चोळू हो! आणि गोडं पाणी नका घालू. समुद्राचं आणा, समुद्राचं!"

त्यांनी हाताला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळली आणि मनगटाला चिकटलेला धागा न घासता, टोकाशी धरून, अलगद उचलून काढला. तुटलेले बारीक तुकडेही एकेक करून वेचले. भावानं टोपी भरभरून खारं पाणी आणलं, त्यानं हात धुतला. मग टपरीतल्या चहाच्या शेगडीवर पाणी तापलं. त्या पाण्यात त्यांनी आधी स्वतःचा हात बुडवून पाहिला, थोडं गार मिसळलं, पुन्हा पाहिला, आणि सोसेल इतक्या कढत पाण्याच्या पातेल्यात बारक्याचा हात धरून ठेवला. गार होत आलं की पुन्हा थोडं कढत. वीसेक मिनिटं. तोंडानं त्या त्याच्याशी काहीबाही बोलत होत्या, शाळेचं, मित्रांचं. हळूहळू त्याचं रडणं हुंदक्यांवर आलं. मनगटावर लाल मण्यांची माळ टोचून काढल्यासारखे वळ उठले होते. "आता लक्ष ठेवा," त्या मला म्हणाल्या. "धाप लागली, छातीत भरून आलं, ओकाऱ्या झाल्या, तोंड सुजलं, तर वाट बघू नका. सरळ दवाखाना." तसं काही झालं नाही. मी पैसे काढले तर त्यांनी हात मागं घेतला. "कुठले तुम्ही?" अमरावतीकडचे म्हटल्यावर म्हणाल्या, "एवढ्या लांबून आलात." त्यांचा सूर मायेचा होता. मला त्यानं जास्तच लागलं.

मी हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवतो. दहावीला प्राण्यांचं वर्गीकरण आहे. त्यात निडारिया संघ येतो, आणि गेली बारा वर्षं मी फळ्यावर उदाहरणं लिहीत आलो आहे: जलव्याल म्हणजे हायड्रा, समुद्रफूल, जेलीफिश, पोर्तुगीज मॅन ऑफ वॉर. शुंडकांवर दंशपेशी असतात आणि त्या भक्ष्याच्या अंगात विष टोचतात, हे वाक्य मला झोपेत विचारलं तरी सांगता येईल. दरवर्षी कुणी ना कुणी पोरगं त्या लांबलचक नावाला हसतं. ज्याचं नाव मी बारा वर्षं लिहिलं ते माझ्या पायाशी पडलेलं होतं, आणि मी ते ओळखलं नाही. फळ्यावरचं नाव आणि वाळूतला फुगा यांची माझ्या डोक्यात कधी गाठच पडली नव्हती. शिकवताना मी स्वतः त्या वाक्याला कधी हात लावून पाहिला नव्हता, असं म्हणावं लागेल.

त्या रात्री लॉजच्या खोलीत बारक्या झोपल्यावर मी मोबाइलवर वाचत बसलो आणि माझ्या दोन्ही चुकांची कारणं सापडली. दंशपेशीत एक सूक्ष्म कुपी असते. तिच्यात पोकळ धागा गुंडाळून दाबानं कोंबलेला असतो. स्पर्श झाला की झाकण उघडतं आणि धागा भाल्यासारखा बाहेर येतो. २००६ साली जर्मन संशोधकांनी जलव्यालाच्या अशा कुपीवर अतिवेगवान कॅमेरा लावला, तर तो सुटण्याचा वेळ ७०० नॅनोसेकंद निघाला. सेकंदाचे दहा लाख भाग केले तर त्यातला एकही पुरता भरत नाही. इतक्या वेगापुढं माणसाचं हात मागं घेणं कुठं पुरणार! आणि धाग्यावरच्या सगळ्या कुपी एकदम सुटत नाहीत. बऱ्याच न फुटलेल्या राहतात. वाळू चोळली की त्या फुटतात. गोडं पाणी घातलं की खारेपणा बदलतो आणि त्यानंही फुटतात. म्हणजे त्याच्या हातावरचा निम्मा दंश मी माझ्या हातानं केला. लघवीचंही तसंच. फुगा मेलेला असो, वाळून चिकटलेला असो, नुसता तुटका धागा असो, कुपी भरलेल्याच असतात. त्यांना मालक जिवंत लागत नाही. मालक तरी कुठं एक असतो! हा एक प्राणीच नाही, खरी जेलीफिशही नाही. एकाच अंड्यातून निघालेल्या पण कामं वाटून घेतलेल्या जिवांची ती वसाहत आहे. कुणी तरंगायचं, कुणी शिकार करायची, कुणी पचवायचं. त्याला पोहता येत नाही. कुणाचं शीड डावीकडं कललेलं, कुणाचं उजवीकडं, आणि वारा नेईल तिकडं जायचं. म्हणजे त्या सकाळी तो आणि आम्ही, दोघंही वाऱ्यानंच तिथं आणलेले.

विषाशी आमची ओळख नाही असं कोण म्हणेल? काळ्या रानात वाढलेल्या माणसाला पायाखाली पाहायची सवयच असते. पऱ्हाटीत साप, गोवऱ्यांच्या ढिगात विंचू, बांधावर खाजकुइली. मी लहान असताना बाबांना गोवऱ्या काढताना लाल विंचू चावला होता. घरात चिंचोका दगडावर घासून लावला, कुणी मंत्र टाकला, आणि रात्रभर बाबांच्या कपाळावर घाम पाझरत राहिला. बाज ओली झाली, हातपाय बर्फासारखे गार. आजोबांचं म्हणणं असं की एकदा इचू चावला की माणूस पक्का होतो, पुन्हा चढत नाही. बाबा वाचले, म्हणून आजोबांचं म्हणणंही घरात टिकून राहिलं. लाल विंचवाचं विष अंगातल्याच यंत्रणेला चेतवतं, रक्तात ॲड्रेनलिनसारख्या द्रव्यांचं वादळ उठवतं आणि त्यात हृदय सापडतं. ते वादळ प्राझोसिन या रक्तदाबाच्या गोळीनं आवरता येतं, हे जगाला दाखवलं ते डॉ. हिम्मतराव बावस्करांनी. जालना जिल्ह्यातल्या खेड्यात वाढलेला आणि महाडला प्रॅक्टिस केलेला हा डॉक्टर. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्या रात्री वाचताना कळलं की ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्यावर नखाएवढी एक जेलीफिश असते, इरुकांजी, आणि तिच्या दंशानंही अंगात असंच वादळ उठतं. दंश किरकोळ वाटतो; अर्ध्याएक तासानं कंबर, पाठ, छाती धरते, घाम फुटतो, रक्तदाब चढतो. वाचता वाचता मला बाबांची ओली बाज दिसली. इतक्या दूरचा तो समुद्र, आणि दुखणं आमच्या गोवऱ्यांच्या ढिगातलं.

त्या इरुकांजीचा शोध कसा लागला ते वाचून मी मोबाइल खाली ठेवला आणि बराच वेळ तसाच बसलो. केर्न्स गावचे डॉक्टर जॅक बार्न्स. लोक ज्यानं आजारी पडत होते तो प्राणी हाच का, हे त्यांना सिद्ध करायचं होतं. १९६१ साली त्यांनी पकडलेली जेलीफिश स्वतःला डसवून घेतली, एका तरुण जीवरक्षकाला डसवली आणि आपल्या नऊ वर्षांच्या मुलालाही. तिघंही दवाखान्यात गेले, तिघंही वाचले, आणि आज त्या जेलीफिशला त्यांचं नाव आहे. विज्ञानाचा शिक्षक म्हणून मला त्यांचं मोल कळतं. पण शेजारच्या खाटेवर हाताला ओलं फडकं बांधून दहा वर्षांचा पोरगा झोपलेला असताना ते वाचणं निराळं. बार्न्सना काय होऊ शकतं याचा अंदाज होता. मला तोही नव्हता, आणि तरी मी पकड म्हणालो.

आजोबांच्या म्हणण्यालाही या निळ्या फुग्यानंच उत्तर देऊन ठेवलं आहे. १९०१ साली मोनॅकोच्या राजाच्या जहाजावरून शार्ल रिशे आणि पोल पोर्तिए हे दोन फ्रेंच शास्त्रज्ञ याच कुळातल्या फुग्यांच्या विषाचा अभ्यास करायला निघाले होते. परतल्यावर त्यांनी समुद्रफुलाच्या विषावर काम पुढं नेलं. ज्या कुत्र्यांनी पहिली मात्रा सोसली होती त्यांना काही आठवड्यांनी अगदी थोडी दुसरी दिली, आणि ती पक्की होण्याऐवजी काही मिनिटांत कोसळली. शरीर पहिल्या भेटीत शिकतं, पण कधीकधी उलटं शिकतं. त्याला त्यांनी ॲनाफिलॅक्सिस म्हटलं आणि त्या कामासाठी रिशेंना १९१३चं नोबेल मिळालं. म्हणून मावशींनी सांगितलेली धाप आणि सूज ही खूण मी वहीत लिहून ठेवली आहे. बारक्या पुन्हा कधी समुद्रावर गेला आणि पुन्हा डसला, तर आधी सोसलंय म्हणून कुणी निर्धास्त राहू नये.

आमचं गाव खारपाणपट्ट्यातलं. विहिरीचं पाणी खारट, साबणाला फेस येत नाही, डाळ शिजता शिजत नाही, घागरीच्या काठावर पांढरा थर चढतो. प्यायचं पाणी बाहेरून येतं. विहिरी उरल्या जनावरांना आणि आम्हा पोरांना. आजोबांनी पाठीला वाळका भोपळा बांधून मला त्या विहिरीत सोडलं होतं आणि वरून दोर धरला होता. तिथून मग पूर्णेचा डोह, सूर, मुटका, या काठावरून त्या काठाला. पाणी कसं असतं हे आम्हाला त्या विहिरीनं आणि त्या डोहानं शिकवलं: पाणी उभं असतं किंवा एका बाजूला वाहतं, संथ दिसलं की ते आपलं, खळखळलं की जपायचं. समुद्रावर हेच ज्ञान घात करतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मावशींचे यजमान, जन्मभर मासेमारी केलेले, बनात जाळं विणत बसले होते. मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो. त्यांनी सुईनंच समोर दाखवलं. सगळीकडं लाटा पांढऱ्या फुटत होत्या आणि मध्ये एक पट्टा होता, काळसर, शांत, जवळजवळ सपाट. "तुमच्याकडची पोरं तिथंच उतरतात," ते म्हणाले. "लाट नाही म्हणून." लाटांनी किनाऱ्यावर आणून टाकलेलं पाणी परत जायला वाट शोधतं, आणि ती वाट म्हणजे तो पट्टा. तिथली ओढ माणसाला सरळ आत नेते. पोहणारा जितका पट्टीचा तितका तो तिच्याविरुद्ध किनाऱ्याकडं हात मारत राहतो, दमतो आणि जातो. तिच्याशी भांडायचं नाही, तरंगत राहायचं, हात वर करायचा, आणि जमलं तर किनाऱ्याला समांतर, आडवं पोहत त्या पट्ट्यातून बाजूला व्हायचं. मी त्या शांत पट्ट्याकडं पाहत राहिलो. मला तो हुबेहूब आमच्या डोहासारखा दिसत होता. मला विचारलं असतं तर बारक्याला मी तिथंच उतरवलं असतं.

त्यांनी भरतीचा हिशेबही शिकवला. तिथीची पाऊणपट करायची, ती पूर्ण भरतीची वेळ. फुगा डसला त्या दिवशी पंचमी होती: पाचाचे पावणेचार. म्हणजे पहाटे पावणेचारला पाणी चढलं होतं, फुगे वर ठेवून गेलं होतं, आणि आम्ही आठला पोहोचलो ते उतरत्या पाण्यावर, जेव्हा आतली ओढ वाढते. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग. आमच्या घरी कालनिर्णय भिंतीवर असतं. चतुर्थी, एकादशी आई त्यातच पाहते. त्याच तिथीत समुद्राची वेळ लिहिलेली आहे हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं. निळ्या फुग्यांचं विचारलं तर म्हणाले, वारा किनाऱ्याकडं असला आणि वाळूत एक जरी दिसला तरी पाण्यात उतरायचं नाही, वाळूत एक असेल तर पाण्यात शंभर. मोठ्या पांढऱ्या जेलीफिशना ते झार म्हणत होते. ते जाळ्यात आले की हाताची आग, आणि जाळंही जड. ऑस्ट्रेलियातली पेटीच्या आकाराची जेलीफिश तीन-तीन मीटर शुंडकांची असते आणि काही मिनिटांत जीव घेऊ शकते, म्हणून तिथं पोहण्याच्या जागेभोवती जाळी लावतात आणि किनाऱ्यावर खांबाला व्हिनेगरच्या बाटल्या ठेवतात, हे मी वाचलेलं त्यांना सांगितलं. त्यांनी विचारलं, मग आपणही व्हिनेगर ठेवावं का? मला तेवढं वाचलेलं होतं: त्या पेटीवाल्या जेलीफिशला व्हिनेगर, या निळ्या फुग्याला तिथले लोकही समुद्राचं पाणी आणि कढत पाणीच सांगतात. "म्हणजे ती करते तेच," ते म्हणाले आणि टपरीकडं पाहिलं.

परतीच्या वाटेवर मला आजोबांची एक गोष्ट आठवत राहिली. ती मी विसरलो होतो हेच खटकतं. पूर ओसरल्यावर डोहात पहिली उडी कुणाला मारू देत नसत. आधी ते बांबू घेऊन काठाकाठानं जात आणि तळ चाचपत: कुठं नवा खड्डा पडलाय, कुठं झाड येऊन अडकलंय. "मागच्या सालचा डोह मागच्या साली गेला," असं म्हणत. साठ वर्षं त्या पाण्यात काढलेला माणूस दरवर्षी नव्यानं विचारायचा. २०२१च्या सप्टेंबरात वर्धा नदीत झुंज या ठिकाणी नाव उलटली आणि एकाच घरातली माणसं धरून ११ जण गेले, तेव्हा आमच्या गावात चूल पेटली नव्हती. नदी आमचीच होती, माणसंही आमचीच, पाण्याकाठची.

बाटली आईनं देवळीत ठेवली आहे. आल्या दिवशी तिनं झाकणभर पाणी हातावर घेऊन जिभेला लावलं होतं, तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, "हे त आपल्याच इहिरीवानी लागते. थोडं जास्त खारं." मग बारक्याचा हात हातात घेतला, मनगटावरच्या मण्यांवरून अंगठा न दाबता फिरवला आणि काही विचारलं नाही. वळ महिनाभरात फिके झाले. आता उन्हात हात तिरपा धरला तरच दिसतात.

पोळ्याच्या रात्री मी पुन्हा वाचत बसलो. बैलांना पुरणपोळी चारून झाली होती, गोठ्यातून घुंगरांचा आवाज येत होता. नदीत कुठून येतीन, असं मी त्याला म्हणालो होतो. आणि सापडलं ते असं: गोड्या पाण्यातही जेलीफिश असते. आपल्याच महाराष्ट्रात, पश्चिम घाटातल्या नद्यांच्या पाण्यात, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शंकर पुरुषोत्तम आघारकरांना ती सापडली. मालवणात जन्मलेले वनस्पतिशास्त्रज्ञ. पुण्याच्या संशोधन संस्थेला त्यांचं नाव आहे. तोवर तिच्या सख्ख्या नात्यातली जेलीफिश आफ्रिकेतच माहीत होती. ज्या सह्याद्रीतून आमची क्रूझर पाऊस अंगावर घेत उतरली तिथलीच ती रहिवासी. नाण्याएवढी, पारदर्शक, माणसाच्या कातडीला तिचा दंश टोचतही नाही. म्हणजे माझं उत्तर कामापुरतं बरोबर होतं. पण पक्कं मालूम नव्हतं.

सकाळी मी त्याला सांगितलं. तो दात घासत होता. तोंडातला फेस तसाच ठेवून त्यानं सगळं ऐकलं, किती मोठी, कोणत्या रंगाची, चावते का. मग चूळ भरून विचारलं, "आपल्या पूर्णेत हाय का?"

"मले मालूम नाई," मी म्हणालो.

दुपारी आम्ही दोघं नदीवर गेलो. त्यानं घरातून आईची चहाची गाळणी आणि काचेचा पेला आणला होता. काठावरून एक लांब बांबू शोधला, आधी पुढं टेकवून पाहिला, आणखी पुढं टेकवला, मग एकेक पाऊल टाकत गुडघाभर पाण्यात उतरला. पेला बुडवून भरला, उन्हाकडं धरला आणि एक डोळा मिटून बराच वेळ आत पाहत राहिला.